दोन वर्षं नक्की कुठे जातात? नेरूळच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपलं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या कॉलेजचा बी.एस्सी. डेटा सायन्सचा प्रस्ताव दोन वर्षं रखडला, तेच खाजगी विद्यापीठं सहा महिन्यांत सुरू करतात, आणि नव्या अभ्यासक्रमांच्या मान्यतेवरच्या मूळ लेखात मी विद्यापीठाला पाठीशी घातलं.

आधी खाजगी विद्यापीठांचं. त्यांची विद्या परिषद (अभ्यासक्रमांना मंजुरी देणारं मंडळ) स्वतःची, पदवीही स्वतःचीच. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजची पदवी विद्यापीठाची असते, म्हणून महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम १०९ प्रमाणेच जावं लागतं. कुलसचिवांकडे अर्ज सप्टेंबरअखेर, मग अधिष्ठाता मंडळाची, म्हणजे विद्याशाखांच्या प्रमुखांची, छाननी, व्यवस्थापन परिषदेची मान्यता आणि शेवटी शासनाची परवानगी. संलग्नता त्यानंतर. तारखा शासन कधीकधी पुढे ढकलतं, पण त्या भरवशावर राहू नये. सप्टेंबर हुकला की एक वर्ष गेलंच. त्रुटींची पूर्तता लांबली की दुसरंही जातं.

आता त्रुटी कुठे निघते ते बघू, कारण खरी गोम तिथेच आहे. बहुतेक प्रस्तावांत अभ्यासक्रम नेटका असतो आणि कार्यभाराचा तक्ता, म्हणजे कोण आठवड्याला किती तास शिकवणार त्याचा हिशेब, चुकलेला असतो. चार क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे शिकण्याच्या तासांचं माप) एक विषय घ्या, दोन थिअरीचे आणि दोन प्रॅक्टिकलचे. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. पंधरा आठवड्यांच्या सत्रात विद्यार्थ्याला आठवड्याला २ तास लेक्चर आणि ४ तास लॅब. तक्त्यात ६ तास लिहून लोक मोकळे होतात. पण ६० विद्यार्थ्यांची तुकडी २० च्या तीन बॅचमध्ये लॅबला बसते, म्हणजे शिकवणाऱ्याचे लॅबचे तास १२ आणि लेक्चर धरून १४. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाचा अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तास. एका विषयात जवळपास एक पद संपलं! तक्त्यात मात्र त्याच माणसाच्या नावावर तीन विषय असतात.

लॅबचंही तेच. असे दोन विषय धरले तर पहिल्या वर्षाला आठवड्याचे २४ तास लागतात. रोज ६ तास, सहा दिवस लॅब उघडी ठेवली तर ३६ मिळतात. दुसरं वर्ष सुरू होताच गरज ४८ वर जाते. त्यातून आपल्याकडे एकाच इमारतीत कनिष्ठ महाविद्यालयही भरतं आणि दुपारी अकरावी-बारावीची आयटीची प्रॅक्टिकल्स त्याच संगणकांवर चालतात. हे वेळापत्रक प्रस्तावाला जोडा आणि दुसरी लॅब कधी उभी राहणार ते कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या ठरावात लिहून घ्या. छाननी करणाऱ्याला हा प्रश्न पडणारच, आणि तो पडलाच पाहिजे. लॅब कमी पडली की भरडली जातात ती फी भरलेली मुलं.

नावाचीही काळजी घ्या. पदवी यूजीसीने अधिसूचित केलेल्या यादीतलीच हवी. बी.एस्सी. चालतं, हौसेने घडवलेलं नवं नाव चालत नाही. बीसीए किंवा बीबीए म्हणाल तर २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) मान्यताही लागते. विद्यापीठाकडे त्या विषयाचा अभ्यासक्रम मुळातच नसेल तर अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद ही वाट वेगळी चालावी लागते, आणि ती अर्जाच्या बरीच आधी.

त्रुटी तीन वेगवेगळ्या पत्रांतून एकेक करून कळवल्या, असं आपण लिहिलंय. तसं झालं असेल तर तुमचा राग रास्त आहे. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात यायला हव्यात, आणि तशी मागणी प्राचार्यांनी लेखी करावी. मूळ लेखात हे यायला हवं होतं, ते राहिलं.

पुढच्या खेपेला जुलैतच महाविद्यालय विकास समितीची बैठक लावा. तिचा आणि संस्थेचा असे दोन्ही ठराव अर्जाच्या तारखेआधीचे हवेत, आणि दोन्हींत अभ्यासक्रमाचं नाव व प्रवेशक्षमता अक्षरशः अर्जात आहे तशीच असावी. एका ठरावात ६० आणि दुसऱ्यात ‘एक तुकडी’ एवढंच असेल, तर तेवढ्यावरूनही फाइल परत येते.