इनामगावचे कुंभ आणि हातात मावणारे कार्ड : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगाव या प्राचीन वस्तीतल्या बालदफनावर मी काढलेल्या चित्रकार्डाविषयी (कलावंत न विकता आपापसांत अदलाबदल करतात ते हाताने काढलेले छोटे ‘आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड’) आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी तीन-चार वेळा वाचली. ज्या कुंभांत तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या आईबापांनी आपले मूल ठेवले, ते कुंभ अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच कागदावर रंगवून क्रिकेटपटूंच्या पत्त्यांसारखे एकमेकांत फिरवणे ही मृतांची विटंबना आहे, असे आपले म्हणणे आहे. त्याच मालिकेतल्या काही कार्डांवर मी खऱ्या खापराचा तुकडा चिकटवला होता, त्यावर आपण अधिक कठोर शब्दांत लिहिले आहे. त्या खापरापासूनच सुरुवात करते, कारण तिथे चूक माझी आहे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपल्यावर घोड नदीच्या काठाने चालत असताना पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या, उतारावर नखाएवढे तीन तांबूस तुकडे मला दिसले. त्यांतल्या एकावर काळ्या रंगाच्या दोन समांतर रेघा होत्या आणि त्या इतक्या सरळ होत्या की ब्रश कुठे टेकला आणि कुठे उचलला तेही कळत होते. नाहीतरी हे नांगराखाली चुरडून जाणार, अशी स्वतःची समजूत घालून मी ते उचलले. जुन्या वस्तीची पांढरी माती खत म्हणून शेतात नेल्यामुळे महाराष्ट्रातली कितीतरी टेकाडे निम्मी झाली, ही हळहळ मी स्वतः अनेकदा लिहून व्यक्त केली आहे. आणि मी केले ते त्याहून वेगळे नव्हते. शेतकऱ्याला निदान पीक हवे होते. रंगीत खापर उतारावर पडलेले असते तेव्हा वस्ती कुठवर पसरली होती आणि पावसाने कोणता थर झिजतो आहे, हे पाहणी करणाऱ्याला त्यावरून समजते. माझ्या कार्डावर आल्यावर त्या तुकड्याकडून ‘मी जुना आहे’ एवढेच कळू शकत होते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी पुरावस्तूंसंबंधीचा १९७२ चा केंद्रीय कायदा आहे, हे आपण लिहिले आहे. ते मला ठाऊक होते आणि तरीही मी ते तुकडे उचलले.

आपली प्रतिक्रिया आल्यावर मी तिन्ही कार्डे ज्यांच्याकडे गेली त्यांना पत्रे लिहिली. देवघेवीत दिलेली वस्तू परत मागणे संकोचाचे असते, पण दोघांनी तुकडे लगेच पाठवले. तिसऱ्यांनी घर बदलले आहे आणि त्यांचे खोके अजून उघडलेले नाही. आलेले दोन तुकडे मी एका पाकिटात ठेवले असून त्यावर उचलल्याची तारीख आणि उताराची जितकी आठवते तितकी नेमकी जागा लिहिली आहे. ते पाकीट मी डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात नेऊन देणार आहे. यापुढे माझ्या कार्डांवर कोणत्याही स्थळाची माती, खापर किंवा दगड असणार नाही.

बालदफनाच्या चित्राबाबत मात्र मला आपल्याशी सहमत होता येत नाही.

इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि शंभराहून अधिक घरांचे अवशेष व दोनशेहून अधिक दफने उघडकीस आणली. त्यांत लहान मुलांची संख्या फार मोठी होती. मूल दगावले की ते बहुधा दोन करड्या कुंभांत ठेवत, कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवत आणि खड्ड्यात आडवे ठेवून मातीने झाकत. हा खड्डा अनेकदा घराच्या जमिनीखालीच घेतलेला असे. त्यावर पुन्हा सारवण होई, चूल पेटे, धान्य निवडले जाई. या एका गोष्टीपाशी मी कितीतरी दिवस अडकून पडले होते. ज्या लोकांनी आपले गेलेले मूल गावाबाहेर न नेता रोजच्या पायाखालच्या जमिनीत जवळ ठेवले, त्यांच्या दुःखाला हातात धरण्याजोग्या, घरात राहणाऱ्या छोट्या चित्राने बाधा येते, असे मला वाटत नाही. ते दुःख घरातलेच होते. आदर म्हणजे अंतर, ही आपली आजची समजूत आहे आणि ती इनामगावकरांवर लादताना मला अवघड वाटते.

चित्रात हाडे नाहीत, हे आपण पाहिले असेलच. उत्खननाच्या छायाचित्रांत ती असतात आणि अभ्यासासाठी ती असलीच पाहिजेत, पण माझ्या कार्डावर ती यायला नकोत, हे मी पहिल्या दिवशी ठरवले होते. मी फक्त दोन कुंभ काढले, त्यांची भिडलेली तोंडे आणि शेजारी ठेवलेले तोटीचे भांडे. कुंभ हाताने घडवलेले, जाडसर, करड्या रंगाचे. तोटीचे भांडे चाकावरचे, पातळ, लालसर, पोटाशी धारदार कंगोरा असलेले आणि त्यावर काळी नक्षी. जोर्वे पद्धतीचे (महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण काळातल्या, जोर्वे गावावरून नाव पडलेल्या घडणीचे) हे भांडे संग्रहालयाच्या काचेपलीकडून पाहताना तोटी सरळ वाटते. कागदावर काढू लागले तेव्हा लक्षात आले की ती अंगापासून तिरकी वर चढते आणि कंगोऱ्याच्या किंचित वर जोडलेली आहे. गेरूत थोडी काजळी मिसळून ट्रिपल झिरोच्या अगदी बारीक ब्रशने ती तोटी मी नऊ वेळा पुसून पुन्हा काढली. एवढ्या लहान जागेत ती अर्धा मिलिमीटर खाली गेली तरी भांडे खोटे दिसते.

पण चौकटीतली फुलांची नक्षी आणि ‘निजलेले बाळ’ हे शीर्षक यांबद्दल आपण लिहिलेले मला पटले. ती नक्षी इनामगावची नव्हती, माझ्या भाबडेपणाची होती. शीर्षकात मी त्या घरच्यांच्या मनातले परस्पर सांगून टाकले होते.

लहान आकार म्हणजे खेळणे, या आपल्या गृहीतकाविषयीही लिहायला हवे. हडप्पा संस्कृतीच्या कितीतरी चौकोनी मुद्रा जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या आहेत आणि तेवढ्यात बैलाच्या मानेच्या वळ्या कोरलेल्या असतात. मोहेंजोदडोची ब्राँझची नर्तकी साडेदहा सेंटिमीटर उंच आहे. आपल्याकडे सावंतवाडीच्या गंजिफ्यात दशावताराचे १२० गोल पत्ते हाताने रंगवतात आणि ते खेळायचेच असतात. त्यामुळे मत्स्य-कूर्माचा अवमान झाला असे कोणी म्हटल्याचे मी तरी ऐकलेले नाही. आपण पत्त्यांची उपमा तुच्छतेने दिली आहे, पण सावंतवाडीचे ते पत्ते पाहूनच मी एवढ्या छोट्या कागदाकडे वळले.

कार्डे न विकण्याने कलावंताचे श्रम कवडीमोल होतात, हा आपला मुद्दा विकण्यासाठी काढलेल्या चित्रांना लागू आहे. मी मोठी चित्रे विकते आणि त्यांचा भाव कमी करत नाही. १९९७ मध्ये झ्युरिकमध्ये ही कार्डांची पद्धत सुरू झाली तेव्हापासून ती बदलण्यासाठीच आहेत, आणि बदलताना समोर माणूस बसलेला असतो. संभाजी बागेतल्या आमच्या देवघेवीत बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी माझे इनामगावच्याच चार पायांच्या रांजणाचे कार्ड हातात घेतले आणि त्याला पाय का आहेत, असे विचारले. मला उत्तर देता आले नाही. त्यांनी कार्ड खाली ठेवले आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात सांगा, मग बदलू. विकत घेणाऱ्याने पैसे देऊन कार्ड खिशात घातले असते.

महिनाभर मी उत्खननाचा अहवाल वाचला. कच्च्या मातीच्या त्या रांजणात सुमारे चाळिशीचा एक पुरुष बसलेल्या अवस्थेत होता आणि तो पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात पुरलेला होता. इनामगावच्या इतर प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडलेले आढळतात, त्याचे मात्र शाबूत होते. तो गावाचा प्रमुख असावा, असा अंदाज उत्खनन करणाऱ्या म. के. ढवळीकरांनी मांडला आणि रांजणाचा आकार गर्भाशयासारखा आहे, असेही सुचवले. हे सारे सांगितल्यावर त्या गृहस्थांनी मला भाजे लेण्याच्या कमानीचे कार्ड दिले. त्या कमानीतल्या लाकडी फासळ्या मोजायला ते दोनदा मळवलीला जाऊन आले होते.

बालदफनाचे कार्ड मी आता नव्याने काढले आहे. चौकट नाही, शीर्षक नुसते ‘दोन कुंभ’ असे आहे आणि मागचा मजकूर असा आहे: ‘इनामगाव, घोड नदीचा उजवा काठ. जोर्वे काळ. लहान मुलाचे दफन. कुंभांचा व तोटीच्या भांड्याचा आकार पाहून काढला आहे. रंगछटा आणि खड्ड्यातली त्यांची मांडणी माझ्या अंदाजाने. या कार्डासाठी स्थळावरून काहीही उचललेले नाही.’

शेवटचे वाक्य आपल्यामुळे आले. मजकुरात आणखी काही खटकले तर या महिन्याच्या शेवटच्या रविवारच्या आत कळवावे. तोपर्यंत कार्ड माझ्या टेबलावरच आहे.