उपाशी राहिलो तरी पथ्य मोडतं

आधीच सांगतो, मला ॲलर्जी नाहीये. हे वाक्य आयुष्यात इतक्यांदा बोललोय की झोपेतपण बोलत असेन. मला पीकेयू आहे, पूर्ण नाव फिनाइलकीटोन्युरिया, जे ऐकून लोक आधी घाबरतात आणि मग ताट पुढे करतात. प्रोटीनमधलं फिनाइलॲलॅनिन नावाचं एक अमिनो ॲसिड मोडणारं एन्झाइम माझ्या लिव्हरमध्ये धड कामच करत नाही, मग ते ॲसिड रक्तात साचतं आणि मेंदूला त्रास देतं. आईकडून एक बिघडलेला जीन आणि बाबांकडून एक, ते दोघं मात्र ठणठणीत. न भांडता पूर्ण वाटा मिळाला अशी ही एकमेव इस्टेट.

मग काय, दूध नाही अंडं नाही मटण मासे डाळी दाणे काही नाही आणि बटाटासुद्धा वजनकाट्यावर. 1 ग्रॅम प्रोटीन म्हणजे साधारण 50 मिलिग्रॅम फिनाइलॲलॅनिन, हा पाढा मला दोनाच्या पाढ्याआधी पाठ होता. मावशी म्हणते, "अरे एवढ्याशाने काय होतंय!" अगं मावशी, एवढंसं म्हणजे किती ग्रॅम ते सांग ना.

पोट भरायला, म्हणजे शरीर वाढायला, पावडर आहे. त्यात बाकीची सगळी अमिनो ॲसिड्स असतात, फक्त ते एक नसतं, आणि चवसुद्धा नसते (वास आहे, भरपूर आहे). एका मित्राने हौसेने घोट घेतला आणि त्यानंतर आठवडाभर माझ्याशी फार आदराने वागत होता.

एकदा वाटलं डाएट कोल्ड्रिंक तरी पिऊ, त्यात ना प्रोटीन ना साखर ना काही. तर त्यात ॲस्पार्टेम, आणि ते पोटात गेलं की त्यातून पुन्हा फिनाइलॲलॅनिनच निघतं! डब्यावर बारीक अक्षरात खास आमच्या जमातीसाठी सूचना होती. आख्ख्या बाजारात कुणीतरी आपली आठवण ठेवून लिहिलंय, तेही "पिऊ नकोस" म्हणून.

पण कहर झाला तापात. दोन दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नाही, म्हटलं यावेळी रिपोर्ट एकदम टॉप येणार, बोट टोचून कार्डावर रक्ताचे थेंब दिले आणि फिनाइलॲलॅनिनचा आकडा चढलेला. डॉक्टर म्हणाले, उपाशी राहिलास की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, आणि स्नायू म्हणजे प्रोटीनच.

म्हणजे मी मलासुद्धा चालत नाही.