एकोणतीस सेंटिमीटर

माझं पोट बेंबीपासून पाठीपर्यंत २९ सेंटिमीटर आहे. पंचेचाळीस वर्षं हा आकडा माहीत नसल्यामुळे माझं काहीही अडलं नव्हतं. तो काढायची वेळ आली ती थार रॉक्समुळे.

२०२४ च्या स्वातंत्र्यदिनाच्या मुहूर्तावर महिंद्राने ही पाच दारांची थार बाजारात आणली. किंमत तेव्हा १२.९९ लाखांपासून पुढे. मी झोपायच्या आधी सहज म्हणून मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. पहाटे तीन वाजता अकरावा चालू होता आणि अप्रोच अँगल म्हणजे काय ते मला तोंडपाठ झालं होतं. नाक न घासता गाडी किती उभ्या चढाला भिडू शकते, त्याचा हा कोन. रॉक्सचा ४१.७ अंश. शिवाय ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाते. एवढं ज्ञान झालं की माणूस सरळ राहत नाही. दुसऱ्या दिवशी मुलुंड स्टेशनच्या पुलाखाली मी जिन्याकडे बघत मनातल्या मनात कोन काढत उभा होतो आणि माझी ८.५२ गेली.

"आपल्याकडे चढ कुठाय?" बायकोने विचारलं.

"पाणी तर साचतं ना?"

"साचतं. आणि साचलं की तू घरून काम करतोस."

मग मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. त्या रात्री मी कुर्ल्याहून छातीभर पाण्यातून चालत घरी आलो होतो आणि ही गोष्ट आमच्या घरात दर पावसाळ्यात एकदा होतेच.

"छातीभर म्हणजे किती मिलिमीटर?" ती म्हणाली. "तुझे साडेसहाशे मांडीपर्यंतच येतात."

बाबांकडून मला जरा आशा होती. ते माझगाव डॉकमधून फिटर म्हणून रिटायर झालेले, त्यांना लोखंडातलं कळतं. पण त्यांच्या डोक्यात जीप म्हणजे तीनच माणसांची गाडी: फौजदार, बीडीओ आणि कर्णा लावून हिंडणारा उमेदवार. "इलेक्शनला उभा राहतोयस का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाबा, या कंपनीच्या गाड्यांची सुरुवातच विलीज जीपा जोडण्यापासून झाली, आणि तीसुद्धा तुमच्या माझगावात. ते विरघळतील असं वाटलं होतं. "मग मला नाही कधी कोणी फिरवून आणलं," असं म्हणून त्यांनी पेपर उलटला.

गावचा मुद्दाही त्यांनीच निकालात काढला. गणपतीला आम्ही संगमेश्वरकडे जातो. हायवेचे खड्डे, पुढे घाट, त्यापुढे लाल मातीचा रस्ता, आता बोला, असा माझा युक्तिवाद. बाबा म्हणाले, "आणि त्यापुढे पाखाडी." हे खरं होतं. देवळापासून आमच्या घरापर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्या आहेत. त्या उतरताना गायसुद्धा दोनदा विचार करते. वॅगनआर देवळापाशी लावायची आणि सामान डोक्यावर घ्यायचं. रॉक्स आणली तर रॉक्स देवळापाशी लावायची आणि सामान डोक्यावर घ्यायचं.

टेस्ट ड्राइव्ह एलबीएस मार्गावर झाली. मेट्रो ४ चं काम चालू, दोन्ही बाजूंना पत्रे, मधे उरलेल्या जागेत अख्खं मुलुंड. ताशी अकरा किलोमीटरच्या वेगाने मी त्या गाडीची ताकद आजमावली. शोरूमचा पोरगा उत्साही होता. "सर, फोर लो लावून बघायचं का?" फोर लो म्हणजे चारही चाकांना हळू पण जादा जोर देणारा गिअर. मी विचारलं कुठे, तर त्याने अर्धवट खणून ठेवलेल्या गटाराच्या कडेकडे बोट दाखवलं. बायको मागे बसली होती. तिने पांढऱ्या सीटवरून एक बोट फिरवलं आणि माझ्या हातातल्या वडापावच्या कागदाकडे बघितलं. बोलली काही नाही.

पण एक गोष्ट झाली, ती सांगायलाच हवी. सिग्नलला शेजारी एक टेम्पो येऊन थांबला आणि मी मान वळवली, तर ड्रायव्हरची आणि माझी थेट नजरानजर झाली. गेली चौदा वर्षं मी टेम्पोच्या चाकाचे नट बघत सिग्नल काढलेत. आज त्याचा चेहरा दिसला. त्याने तंबाखूची गोळी गालात सरकवली आणि मला मान हलवून दाद दिली, बरोबरीच्या माणसाला देतात तशी. मी तिथेच विकला गेलो.

आता हिशेब. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर असलेली, फक्त डिझेलमध्ये, तीही तेव्हा १८.७९ लाखांपासून. त्यावर दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीला राज्याचा १४ टक्के कर, म्हणजे सुमारे दोन लाख त्रेसष्ट हजार. विमाबिमा धरून आकडा बावीसच्या पार. पेट्रोल घ्यावी तर जोर नुसता मागच्या चाकांना. "फोर बाय फोर नाही तर मग ती पुरणाशिवाय पुरणपोळी," हे मेहुण्याचं मत. तो मारुतीच्या जिमनीवाला आहे. सगळ्या मॉडेलांत फोर बाय फोर, रुंदी अवघी १६४५ मिलिमीटर, तुझ्या पार्किंगमध्ये आरामात मावेल, असं तो दिवसातून दोनदा सांगायचा. त्याचं सगळं बरोबर होतं. मला जिमनी नको होती, एवढीच अडचण होती.

पण पार्किंग हा शब्द त्याने काढला आणि माझी झोप उडाली.

रात्री अकराला, बिल्डिंग झोपल्यावर, मी बायकोच्या शिलाई मशीनच्या खणातली फीत घेऊन खाली उतरलो. ती फीत दीडशे सेंटिमीटरची. रॉक्स १८७ रुंद, ४४३ लांब. वॉचमनने एक टोक धरलं. दोन दोन, तीन तीन तुकड्यांत मोजून मी मुलीच्या खडूने जमिनीवर पूर्ण मापाची रॉक्स काढली. चार कोपऱ्यांत चार गोल, चाकांचे. मागे एक गोल, स्टेपनीचा. वॉचमनला फोर बाय फोर काय असतं ते सविस्तर समजावून दिलं. त्यालाही पटलं.

माझी जागा साडेचार मीटर लांब. म्हणजे लांबीत सात सेंटिमीटर शिल्लक. स्टेपनीसकट आडवं उघडणारं मागचं दार भिंतीपाशी कसं उघडायचं हा प्रश्न मी पुढे ढकलला. रुंदी २३०. डावीकडे पुढच्या बाजूला खांब, आरशासाठी त्याच्यापासून दहा सोडायचे. उजवीकडे उरले ३३. त्यातून उघड्या दाराची जाडी वजा, वॅगनआरचं दार मोजलं तर चौदा भरलं. राहिले १९. एकोणीस सेंटिमीटरच्या फटीतून मी बाहेर यायचं होतं.

वर येऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. पोटाला पोळपाट टेकवला. बायकोने भिंतीपासून पोळपाटापर्यंत फीत धरली.

"श्वास सोड."

"सोडलाय."

"सगळा सोड. एकोणतीस."

आत ओढून २६ झालं, पण तसा माणूस किती वेळ राहणार?

"मागे सरक आणि मागच्या डाव्या दाराने उतर," ती म्हणाली. खांबाच्या मागे मुलांच्या सायकली असतात, तिथे मोकळी जागा आहे. मी दुखावलो. "बावीस लाख घालून मी मागच्या दाराने उतरू?"

सकाळी खाली गेलो तर खडूच्या चौकोनाच्या बरोबर मधोमध कोणीतरी लिंबू ठेवलेलं. पितृपक्ष चालू होता हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज पडला होता, पार्किंगमध्ये अघोरी प्रकार झाला असून सीसीटीव्ही तपासला जाईल. मी धावत त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, अहो, करणी नाही, गाडी आहे. त्यांना खाली आणून एकेक गोल दाखवला. लिंबू उचलून इंजिन कुठे येतं ते दाखवलं. चढाचा कोन, पाण्याची खोली, टेम्पोवाल्याची नजर, सगळं सांगितलं. ते बराच वेळ चौकोनाभोवती फिरले. मग म्हणाले, "लांबी किती म्हणालात?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं.

बुकिंग ३ ऑक्टोबरला सकाळी अकराला उघडणार होतं, नेमकं घटस्थापनेला. टोकन २१ हजार. पावणेअकरालाच मी नाव, पत्ता, रंग सगळं भरून बसलो. अकराला दोन मिनिटं असताना बायकोने हाक मारली, घटाची माती कालवून दे. मी दिली. सात धान्यं पेरली, पाणी शिंपडलं. मग हात धुवायला गेलो. नखांतली माती निघायला वेळ लागतो हे खरं, पण इतका लागत नाही. आतून बायको म्हणाली, "फोन वाजतोय, ओटीपी असेल." मी साबण पुन्हा लावला. त्या एका तासात १,७६,२१८ जणांनी गाडी बुक केली. त्यांच्यापैकी कोणाच्या हाताला माती नव्हती.

मार्चमध्ये बिल्डिंगमध्ये पेढे वाटले गेले. सेक्रेटरींचे.

त्यांची जागा माझ्या उजवीकडे. त्यांच्या उजव्या हाताला भिंत आहे आणि पोट माझ्यापेक्षा मोठं आहे, त्यामुळे उतरायला जागा ठेवून ते गाडी डावीकडे, म्हणजे माझ्या रेषेच्या वीस सेंटिमीटर आत लावतात. बोलायचं कसं? ते सेक्रेटरी आहेत, आणि मापं मीच दिली होती. वॅगनआरच्या दाराशी आता मला २४ मिळतात. पोट २९ वर ठाम आहे.

तेव्हा रोज संध्याकाळी मी इंजिन बंद करतो, चपला हातात घेतो आणि दोन सीटांच्या मधून, हँडब्रेकवरून, मागे जातो. काल पँटचा खिसा हँडब्रेकला अडकला. एक पाय मागच्या सीटवर, एक पुढे, डोकं छताला, अशा अवस्थेत मी असताना वॉचमन काचेपाशी आला. बराच वेळ बघत राहिला.

"साहब," तो म्हणाला, "फोर बाय फोर में डालो ना."