पोटखराबीतलं रान आणि एक फिरता मेसेज

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला सहा ठिकाणांहून आला. गावच्या ग्रुपवर आला, सोयाबीनवाल्यांच्या ग्रुपवर आला, पाहुण्यांच्या ग्रुपवरही आला. लिहिणाऱ्याचं नाव कुठंच नाही. मजकूर थोडक्यात असा:

“शेतकरी बांधवांनो, सावध व्हा. शेताचा तुकडा निसर्गाला सोडा, वन्यजीवांचा अधिवास वाढवा, असं सांगणारे लोक गावोगाव फिरत आहेत. पडीक जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन. रान वाढलं की डुकरं, रोही, बिबटे वाढणार. निसर्गच पाहिजे असेल तर माळावर झाडं लावा. हे सगळं परदेशी खूळ आहे. आणि एकदा का रान सोडलं, की वनखातं जमीन ताब्यात घेणार.”

तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, हाच मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, “बघ, काय करून बसलास.” त्यांचा रोख माझ्या सव्वा एकरावर होता. माझं गाव बालाघाटाच्या पठारावर, बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या अंगाला. सात एकरांतला सव्वा एकर सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे पिकाला नालायक म्हणून नोंदवलेला आहे आणि २०१८ पासून मी तिथं औत घातलेलं नाही. त्यामुळं उत्तर देणं मला भागच आहे.

आधी ते ‘वाया गेलेली जमीन’. हा शब्द सरकारी दप्तरातला आहे. ज्या जमिनीतून शेतसारा येत नाही ती पडीक, हा महसुलाचा हिशेब. तोच पुढं चालत आला. २००० साली देशातल्या पडीक जमिनींचा पहिला नकाशासंग्रह निघाला, त्यातही झुडपी रानं पडीकमध्येच धरली गेली. आपल्या बोलीत मात्र याच जमिनीला माळ, गायरान, कुरण असे शब्द आहेत. आणि ‘पड ठेवणं’ हे तर आपल्या आज्या-पणज्यांचं मुद्दाम केलेलं काम होतं. थकलेल्या रानाला एखादं वर्ष विसावा द्यायचा, तिथं गुरं बसवायची. लातूरकडची देवणी आणि कंधारची लाल कंधारी ही गुरं गोठ्यातल्या पेंडीवर घडलेली नाहीत, ती गायरानावर चरून घडली.

माझ्या सव्वा एकरात हातभर मुरूम आहे आणि त्याखाली खडक. आबा तिथं दरवर्षी तूर पेरायचे. मी शाळेत असल्यापासून पाहतोय, पाऊस लांबला की त्या तुकड्यातली तूर सगळ्यात आधी माना टाकायची. बियाणं, मशागत, फवारणी धरली तर त्या तुकड्यानं घरात कधीच काही आणलं नाही. आज तिथून दिवाळीनंतर वैरण निघते. ज्यांना वैरण म्हणजे काहीच नाही असं वाटतं, त्यांनी २०१८-१९ चा दुष्काळ आठवावा. त्या वर्षी आपल्या बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या. माणसं घरदार सोडून जनावरांपाशी छावणीत राहिली. ज्या जिल्ह्यात गवताच्या काडीसाठी ही वेळ आली, तिथं गवताच्या जमिनीला वाया गेलेली म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि ज्या सीताफळाला बीडच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते कुठल्या काळ्या कसदार रानातलं आहे? ते बालाघाटाच्या याच दगडगोट्यांतलं आहे.

आता दुसरा मुद्दा, जनावरांचा. मेसेज पसरतोय तो याच्याच जोरावर, आणि लोकांची भीती खरी आहे. रात्रभर राखण करूनही पहाटे भुईमूग उकरलेला दिसला की काय वाटतं ते मी सोसलं आहे. पंचनाम्यासाठी मीही हेलपाटे घातलेत आणि हातात आलेल्या रकमेतून बियाणाचे पैसेही निघाले नाहीत. म्हणून या मुद्द्यावर कुणी शेतकऱ्याला हिणवलं तर मी शेतकऱ्याच्या बाजूनं उभा राहीन.

पण डुक्कर दिवसा बसतं कुठं, हे एकदा नीट बघा. आमच्या शिवारात ते दोन ठिकाणी बसतं: उसात, आणि ओढ्याकाठच्या येड्या बाभळीच्या जाळीत. गुडघाभर कुसळी गवताच्या माळात ते दिवस काढत नाही, कारण तिथं त्याला ना सावली ना आडोसा. येडी बाभूळ आपली नव्हे. ती अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकात इथं आणली गेली आणि ओढे, गायरानं गिळत गेली. जमीन नुसती मोकळी टाकून विसरून गेलं की तीच येते. म्हणजे मेसेजमधल्या भीतीत एवढं तथ्य आहे, की बेवारस सोडलेलं रान डुकरांचं घर होतं. राखलेल्या माळाचं तसं होत नाही. पहिल्या दोन वर्षांत मी त्या सव्वा एकरात जेवढा घाम गाळला, तेवढा तुरीसाठीही गाळला नव्हता. येडी बाभूळ वरून तोडली की चौपट फुटते, म्हणून मुळासकट खणून काढली. पहिल्या पावसाळ्यात सगळीकडं गाजरगवत आणि तरोटा माजला. फुलावर यायच्या आत ते उपटलं. गवताचं बी पडेपर्यंत शेळी आत येऊ दिली नाही. काडी लावणं आणि तणनाशक मारणं, दोन्ही कायमचं बंद केलं. तिसऱ्या वर्षी कुसळीनं जम बसवला. त्यानंतर कडेकडेनं मारवेल आणि पवन्या ही चाऱ्याची गवतं दिसायला लागली.

बिबट्याचं म्हणाल, तर तो रान वाढायची वाट बघत बसलेला नाही. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या, दाट वस्तीच्या पट्ट्यात कॅमेरे लावून बिबटे मोजले. शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे निघाले, आणि त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता. जंगल नाही, हरणं नाहीत, तरी बिबट्या तिथं पिल्लं वाढवतो, कारण ऊस त्याला लपवतो आणि उकिरड्यावरची कुत्री त्याला पोसतात. आपल्याकडं मांजरा-गोदावरीच्या काठानं ऊस वाढत गेला, तेव्हा बिबट्या येईल म्हणून असा मेसेज कुणी फिरवला नव्हता.

वाघाचंही तेच. २०२४ च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग अभयारण्यात वाघ दिसला. तो यवतमाळच्या टिपेश्वरहून आलेला. मधले शेकडो किलोमीटर त्यानं आपल्या शिवारांतून, ओढ्यानाल्यांच्या कडेनं कापले. म्हणजे जनावरं तुमच्या-माझ्या रानातून आजही जातात. त्यांना वाटेत अंग लपवायला नैसर्गिक पट्टा मिळतो की ती थेट वस्तीच्या कडेनं जातात, एवढंच आपल्या हातात आहे.

हरणाचं मात्र मी खोटं बोलणार नाही. काळवीट हरभऱ्याचे आणि ज्वारीचे कोवळे कोंब खातं. माळावर गवत वाढलं की ते पिकाला तोंड लावणारच नाही, असं मी कुणाला सांगितलेलं नाही. पण गवतावरचं हे जनावर शेकडो वर्षं माळावर जगलं आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपण माळच नांगरून टाकले. आता ते जाणार कुठं? नुकसानीची भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली पाहिजे, ही मागणी मी तात्यांच्याही आधी करीन. त्यासाठी उरलासुरला माळ मोडायचं मात्र काही कारण नाही.

तिसरा मुद्दा वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण तो चांगल्या मनानं मानला जातो. ‘माळावर झाडं लावा.’ राज्यात २०१९ मध्ये ३३ कोटी झाडं लावायचं ठरलं, त्याच सुमारास आमच्या गायरानावरही लागवड झाली. आधी जेसीबीनं चर काढले. शेकडो वर्षांत जमलेली वीतभर माती आणि तिला धरून बसलेल्या गवताच्या मुळ्या उलट्या होऊन पडल्या. मग खड्डे, मग रोपं, मग फोटो. पुढच्या मे महिन्यात पाणी घालायला कुणी नव्हतं. आज तिथं खड्डे आहेत, चरांच्या कडेला गिरिपुष्प, म्हणजे परदेशी ग्लिरिसिडिया आहे, आणि मधल्या उघड्या मुरुमावर गाजरगवत आहे.

मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास, तीही बेभरवशाची. खाली खडक, वर हातभर मुरूम. अशा जमिनीवर निसर्गानं स्वतः जे वाढवलं ते गवत आणि मधूनमधून एखादी बोर, हिवर, बाभूळ, पळस. इथलं मूळचं रान हेच. गर्द जंगल इथं तोडलं गेलं म्हणून माळ झाला, असं सगळीकडं घडलेलं नाही. गवताची खरी शिदोरी जमिनीखाली मुळांत असते, म्हणून तो माळ दुष्काळात करपला, वणव्यात जळला, तरी मृगाच्या पावसानं पुन्हा हिरवा होतो. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं मराठवाड्यातली शेतं खरडून नेली, तेव्हा माझा वरचा बांध दोन जागी फुटला. दोन्ही ठिकाणं अशी, जिथं शेजारच्या बाजूनं बांध कोरत कोरत हातभर उरला होता. मारवेलनं विणलेला बांध जागेवर राहिला. खाली चिखल गाळून पाणी निवळ उतरत होतं, ते मी पावसात उभं राहून पाहिलं.

आणि गवतातली पाखरं झाडांवर राहायला जात नाहीत. गेल्या उन्हाळ्यात पोटखराबीतून चालताना माळटिटवी अंगावर ओरडत आली. मी जिथं होतो तिथंच थांबलो. दोन पावलांवर, उघड्या मुरुमावर, चार अंडी. रंग हुबेहूब मुरुमाचा, वर काळपट ठिपके, सगळ्यांची निमुळती टोकं आत वळलेली. घरटं म्हणावं तर भोवती नुसते खडे. नजर हलली की अंडी पुन्हा सापडत नव्हती. मी दोन दगड लांबवर ठेवून जागा धरून ठेवली आणि पंधरा दिवस त्या बाजूला गेलो नाही. धाविक, चंडोल, माळटिटवी ही सगळी जमिनीवर अंडी घालणारी पाखरं. त्यांच्या माळावर दर दहा फुटांवर खड्डा घेणं म्हणजे त्यांचं घर मोडणं. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या हा शिकारी पक्षी येतो, तोही रात्री उंच गवतात जमिनीवरच झोपतो आणि दिवसभर आपल्या पिकांवरून तरंगत नाकतोडे टिपतो. त्याची रात्रीची जागा आपण मोडली, तर दिवसाचा राखणदार आपणच घालवला.

झाडांना माझा विरोध नाही. विहिरीवर, घरापाशी, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी जेवढी लावाल तेवढी थोडीच. लातूरसारख्या जिल्ह्यात वनाखालची जमीन एक टक्काही नाही, तिथं आहे ते डोंगरउतारावरचं रान राखायलाच हवं. गवत मोडून मात्र झाड लावू नका.

गायरानाचा विषय निघाला म्हणून एक बोलतो. भूमिहीनांनी पोटासाठी कसलेल्या गायरानावरून त्यांना उठवा आणि तिथं हरणं सोडा, असं कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या विरोधात आहे. आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते जमिनीच्या याच प्रश्नावर. मी बोलतोय ते अजून कुणीच न कसलेल्या माळाबद्दल, पोटखराबीबद्दल, बांधांबद्दल आणि ओढ्याकाठांबद्दल. आज त्यावर डोळा आहे तो मुरूम उपसणाऱ्यांचा आणि सौर प्रकल्पांसाठी जागा शोधणाऱ्यांचा. वीज हवीच आहे, पण गायरान देताना तिथं कुणाच्या मेंढ्या चरतात हे ग्रामसभेत विचारलं तरी जावं.

‘परदेशी खूळ’ यावर फार बोलण्यासारखं नाही. इंग्लंडात ससेक्समधल्या नेप इस्टेटीनं तोट्यातली साडेतीन हजार एकर चिकणमातीची शेती २००१ पासून मोकळी करत नेली, त्यावर गुरं, डुकरं, घोडे सोडले, आणि दुर्मिळ पाखरं परत आली. आजही तिथून मांस विकलं जातं. त्यांचं त्यांना लखलाभ. तिथं एका मालकाकडं जेवढी जमीन आहे, तेवढी आमच्याकडं अख्ख्या शिवाराची भरते. ती पद्धत उचलून इथं आणता येणार नाही, आणणारही नाही. देवाच्या नावानं रान राखणं, पड ठेवणं, दिवाळीपर्यंत कुरणात चराईबंदी पाळणं हे आपल्याला कुणा साहेबानं शिकवलेलं नाही. धनगरांना तर मुळीच नाही. आणि २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी चराऊ कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय, म्हणजे आपलं जुनं शहाणपण जगाला उशिरा का होईना कळतंय.

राहिलं ते ‘वनखातं जमीन घेणार’. आठ वर्षं झाली, माझ्या सातबाऱ्यावर माझंच नाव आहे. खासगी शेतात गवत वाढलं म्हणून मालकी बदलत नाही. ही भीती येते कुठून, तेही सांगतो. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं सागवान, चंदन, खैर, मोह, चिंच, आंबा, जांभूळ अशी काही झाडं स्वतःच्या रानातलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ज्यानं असं झाड तोडून दंड भरला, त्याला जमीनच हातची गेल्यासारखं वाटतं, आणि ती गोष्ट मग तशीच सांगितली जाते. दुसरं म्हणजे ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून करायच्या पिकाच्या सरकारी नोंदीत, तो तुकडा पड म्हणून नोंदवावा लागतो, त्यावर पीकविमा मिळत नाही. तिथं तूर पेरल्याचं दाखवू नका, एवढीच काळजी घ्यायची. मी त्या सव्वा एकरात सागवान किंवा चंदनाचं एकही रोप लावलेलं नाही. तिथं आहेत तीन बोरी, एक हिवर आणि बांधाच्या कोपऱ्यात एक गावठी बाभूळ. पाचही आपली आपण उगवली आहेत.