आठ जुड्या कोथिंबीर

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'टेक्निकल रायटर' असं छापलंय. आईने शेजारच्या काकूंना त्याचा अर्थ सांगितला, "मिक्सरबरोबर पुस्तिका येते ना, तसलं लिहिते." मला लागलं जरा. पण मिक्सरची पुस्तिका निदान कुणी वाचत तरी नाही. मी सध्या ज्याच्यासाठी लिहितेय तो शब्दन् शब्द वाचतो आणि वर त्याप्रमाणे वागतो.

तो म्हणजे एआय एजंट. "एवढं सामान मागव" म्हटलं की आमच्या किराणा साइटवरून परस्पर खरेदी करणारा. त्याच्या हाती आम्ही काही टूल्स देतो: वस्तू शोध, कार्ट बघ, कार्टमध्ये टाक, नग बदल, कार्ट रिकामी कर. प्रत्येकाचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि काय काय भरायचं त्याचा तक्ता. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' आणला, त्यात याचा साचा ठरवून दिलाय. साचा सोपा आहे. अवघड आहेत ते पोहे.

आमच्याकडे 'पोहे' ही वस्तू एक, पण तिच्या पोटात जाडे, पातळ, भाजके. आणि प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. टूलला प्रकाराचा क्रमांक हवा होता, मी वर्णनात नुसतं 'वस्तूचा क्रमांक' लिहिलं. एजंटला पातळ पोहे आधी सापडले, त्याने तेच घेतले. चाचणीच्या ऑर्डरींना पत्ता माझ्याच घरचा दिलेला (टीममधल्या कुणालातरी ही गंमत वाटली होती), त्यामुळे रविवारी ते पोहे आईने भिजवले. "कांदेपोहे राहू देत," ती म्हणाली, "पतंगाला खळ हवी असेल तर सांग."

मग पैसे. रक्कम रुपयांत नाही, पैशांत लिहायची, म्हणजे दशांशचिन्हाची भानगड नको, ही या धंद्यातली रीतच. मी लिहिलं होतं 'कमाल रक्कम', बस्स. आईने "पाचशेच्या आत बसव" म्हणून सांगितलं, एजंटने ५०० भरले, टूलने पाच रुपये वाचले. थोड्या वेळाने अदबीने उत्तर आलं: दोन काडेपेट्या घेता येतील, एक रुपया शिल्लक राहील.

'नग बदल'ने तर माझे दोन दिवस खाल्ले. तुपाच्या तीन बरण्यांतली एक कमी कर म्हटलं, तर एजंटने तक्त्यात 'एक' भरला. टूलच्या हिशेबी एक म्हणजे एकच ठेव. शेवटी मी लिहिलं: 'हा अंतिम आकडा आहे, वाढ किंवा घट नव्हे. शून्य भरल्यास वस्तू कार्टमधून निघून जाते.' या दोन वाक्यांसाठी तीन मीटिंगा झाल्या. एकीत 'निघून जाते' हे फार भावुक वाटतं यावरही चर्चा झाली.

या साच्यात इशारे देण्याचीही सोय आहे. टूल नुसतं वाचणारं नसेल आणि तुम्ही त्याच्याबद्दल काहीच सांगितलं नसेल, तर ते विध्वंसक असू शकतं असंच धरून चालायचं. माझ्या हातात काचेची बरणी असली की आईचाही हाच नियम असतो. दुसरा इशारा, तेच काम पुन्हा केलं तर फरक पडतो का. लिफ्टचं बटण दहादा दाबलं तरी लिफ्ट एकदाच येते. दूधवाल्याला दोनदा फोन केला तर दुधाच्या पिशव्या दुप्पट येतात. 'कार्टमध्ये टाक' हे दूधवाल्याच्या जातीचं. मी त्यावर लिफ्टची खूण केली.

त्या दिवशी सर्व्हर रेंगाळला. एजंटने दोन जुड्या कोथिंबीर टाकली, उत्तर येईना, म्हणून पुन्हा टाकली. पुन्हा. आणि पुन्हा. माणूस असता तर चौथ्यांदा वैतागून निदान चहाला तरी उठला असता.

आठ जुड्या घरी आल्या. आई काही बोलली नाही. वर्तमानपत्र पसरून निवडायला बसली, आणि एका हाताने वाण्याला फोन लावला. "अहो, वड्या करायच्यात, बेसन पाठवा." पलीकडून विचारणा ऐकू आली, "ताई, सोमवारी किलोभर नेलंत ना? संपलं?"

आईने उठून डबा बघितला. होतं की बेसन.

मी लॅपटॉप उघडून वर्णनात भर घातली: 'काहीही टाकण्याआधी ग्राहकाकडे ते आधीच आहे का, ते विचारावे.' संध्याकाळपर्यंत त्यावर मॅनेजरचा शेरा आला. 'याने विक्री कमी होईल. काढून टाका.'