वहिनीचा हेडसेट ड्रॉवरमध्ये गेला, तो त्या मेसेजमुळे

पंधरा दिवसांपासून वहिनीची मान धरली आहे. हाक मारली तर ती सबंध अंगानं वळते. ती एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर आहे. कॉल घ्यायचा, बोलता बोलता तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, भरायचं, पासवर्ड रिसेट करून द्यायचा. दोन्ही हात की-बोर्डवर. मग फोन कुठे? कान आणि खांदा यांच्यात दाबलेला. कंपनीनं दिलेला ब्लूटूथ हेडसेट तिनं ड्रॉवरमध्ये टाकला, कारण मावशीनं घरच्या ग्रुपवर एक मेसेज पाठवला: वायरलेस हेडसेट म्हणजे कानातला मायक्रोवेव्ह, आठ तास लावला की मेंदू शिजतो, 250 शास्त्रज्ञांनी इशारा दिलाय, डब्ल्यूएचओनं कर्करोगकारक ठरवलंय, बहिरेपणा येतो, केस गळतात.

आधी डब्ल्यूएचओचं बघू, कारण वहिनी घाबरली ती त्या नावाला. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या त्यांच्या आयएआरसी या संस्थेनं 31 मे 2011 रोजी रेडिओ लहरींना (मोबाइल आणि ब्लूटूथ याच लहरींवर चालतात) '2बी' गटात टाकलं, हे खरं. 2बी म्हणजे 'कदाचित कारक असू शकेल, पुरावा मर्यादित'. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. आणि ज्या पत्रकात ही घोषणा झाली, त्यातच संस्थेचे तेव्हाचे संचालक ख्रिस्तोफर वाइल्ड यांनी सांगितलं होतं की आणखी माहिती मिळेपर्यंत लहरींशी संपर्क कमी करायला हँड्स-फ्री उपकरणं वापरा किंवा मेसेज करा. म्हणजे ज्यांचं नाव घेऊन आमच्या वहिनीचा हेडसेट काढायला लावला, त्यांनी फोन डोक्यापासून लांब ठेवायला सांगितलं होतं. तिनं नेमकं उलटं केलं. मोबाइलच कानाला चिकटवला, तोही मान वाकडी करून, रोज, तासन्‌तास. मला राग येतो तो याचा.

मायक्रोवेव्हचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. ब्लूटूथ आणि ओव्हन दोन्ही 2.4 गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतात. पण समईही आग आणि होळीही आग. ओव्हन 800 वॉटच्या आसपास ताकद बंद लोखंडी पेटीत कोंडतो. बहुतेक ब्लूटूथ हेडसेटची मर्यादा 2.5 मिलिवॉट, म्हणजे तीन लाखांहून अधिक पट कमी. ऑफिसात लांबपर्यंत चालणाऱ्या काही हेडसेटना 100 मिलिवॉटपर्यंत मुभा असते. तरी 8 हजार पटींचा फरक उरतोच. साध्या 2जी मोबाइलची कमाल ताकदही 2 वॉट असते. मेंदू शिजायचाच असता तर मोबाइलनं आधी शिजला असता.

250 शास्त्रज्ञांचं निवेदन 2015 सालचं. त्यात मोबाइल, वाय-फाय, टॉवर, स्मार्ट मीटर अशा सगळ्यांबद्दल काळजी आहे. वायरलेस हेडफोनचा उल्लेखच नाही. 2019 मध्ये बातम्यांनी ते हेडफोनला चिकटवलं.

केस गळण्याला काहीही आधार नाही, त्यावर वेळ घालवत नाही.

कानांचं मात्र मान्य करायला हवं, नाइलाजानं का होईना. धोका आहे, पण तो आवाजाचा. वायर असो वा नसो. डब्ल्यूएचओच्या हिशेबानं 80 डेसिबल आठवड्याला 40 तास, ही मोठ्यांसाठी सुरक्षित मर्यादा, आणि ती बरोबर एका पूर्ण नोकरीइतकी आहे. आजूबाजूला दहाजण बोलत असले की आपण आवाज चढवतो, आणि उतरवायला विसरतो. एकच हेडसेट दोन शिफ्टमध्ये फिरत असेल तर कानावरचं कुशन तरी आपलं वेगळं हवं. वहिनीच्या हेडसेटचं कुशन फाटून आतला फोम बाहेर आलाय. मावशीनं त्याची काळजी केली असती तर मी तिला दुजोरा दिला असता.

इतकं सांगूनही भीती जात नसेल तर वायरवाला हेडसेट मागून घ्या, त्यात लाज नाही. खांद्यावर फोन मात्र नको. वहिनीनं नवं कुशन मागवलंय. ते येईपर्यंत ती स्पीकरवर बोलते, आणि रात्री मी तिला शेकायला गरम पाण्याची पिशवी भरून देते.