अक्रोड फिनिश आणि न जुळणारा सेंटर स्पीकर : तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा : गेल्या वर्षी आमच्याकडून अक्रोड फिनिशचे बुकशेल्फ स्पीकर घेतले, यंदा त्याच फिनिशचा सेंटर स्पीकर (टीव्हीच्या खाली मधोमध ठेवायचा) मागवला, तर तो शेजारी ठेवल्यावर चांगलाच गडद दिसतो. वेबसाइटवरच्या फोटोशी दोन्ही जुळत नाहीत. तुम्हाला आधी ग्लॉस, म्हणजे चकचकीत, काळा हवा होता, पण आमच्या माणसाने तो घेऊ नका म्हणून सांगितलं. आणि आवाजात फरक नसताना लाकडी फिनिशला जास्त पैसे घेणं ही लूट आहे. सेंटर स्पीकरला आम्ही 'कुठलं तरी उरलेलं वेगळं लाकूड' लावलं, असंही तुम्ही लिहिलं आहे. हा आरोप गंभीर आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

लाकूड तेच आहे, आणि याची खातरजमा तुम्हाला घरीच करता येईल. जुन्या जोडीतला एक स्पीकर उलटा करून त्याचा तळ बघा. तळालाही तेच व्हीनिअर (कॅबिनेटवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) आहे, फक्त त्याला वर्षभर उजेड लागलेला नाही. आता नवा सेंटर स्पीकर त्या तळाशेजारी धरा. मग जुन्या स्पीकरची पुढची जाळी काढा. जाळीच्या चौकटीखाली झाकलेली पट्टी बाजूच्या भागापेक्षा गडद दिसेल, भिंतीवरची जुनी तसबीर काढल्यावर मागे चौकोन उरतो तशी. तुमचा नवा स्पीकर गडद आलेला नाही. जुने दोन उजळले आहेत.

अक्रोडाचा हा स्वभावच आहे. नवा असताना तो गडद तपकिरी असतो, आणि उजेड लागत गेला की फिकट होत मधाळ छटेकडे जातो. चेरीचं उलट होतं, ती महिन्यामहिन्याला गडद आणि लालसर होत जाते. मेपल पिवळसर होतो. यातला बराचसा बदल सुरुवातीच्या काळातच होतो. खिडकी बंद असली तरी तो थांबत नाही, कारण साध्या काचेतून अतिनील किरणांचा मोठा भाग आत येतोच, आणि नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशाचाही लाकडावर परिणाम होतो. आमच्या लॅकरमध्ये, म्हणजे लाकडावरच्या पारदर्शक संरक्षक थरात, अतिनील किरण शोषणारा घटक असतो. त्याने बदलाचा वेग कमी होतो, बदल टळत नाही. तुमच्या खोलीत दोन मोठ्या खिडक्या आहेत असं तुम्हीच लिहिलं आहे. तिथे वर्षभरात एवढा फरक पडणं अगदी स्वाभाविक आहे.

मग आधीच रंग देऊन सगळे नग एकसारखे का करत नाही, असं विचाराल. तसं करता येतं, बरेच जण करतात. आम्ही मुद्दाम करत नाही. गडद स्टेन (लाकडात मुरणारा रंग) चढवला की अक्रोडातली जांभळट-करडी झाक आणि सोनेरी रेघा दबून जातात, आणि उजेडात फिके पडणारे स्टेनही असतातच. प्रत्येक जोडीसाठी आम्ही एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेले पापुद्रे घेतो, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरच्या रेघा एकमेकींशी बोलतात. वर्षानंतर मागवलेल्या तिसऱ्या नगासाठी तो ओंडका शिल्लक नसतो. म्हणून ज्यांना पुढे होम थिएटर करायचं आहे, त्यांना आम्ही सेंटर सुरुवातीलाच घ्यायला सांगतो. ते शक्य नसेल तर मॅट काळा किंवा पांढरा निवडायला सांगतो. रंग डब्यातून येतो, त्याला ठरलेला क्रमांक असतो (आरएएल या रंगांच्या प्रमाणित यादीत आमचा काळा म्हणजे ९००५), त्यामुळे वर्षांनंतरही तो खूप जवळचा मिळतो.

आता फोटोचा मुद्दा. आमचे फोटो दिवसाच्या उजेडाशी जुळणाऱ्या, साधारण ५५०० केल्विनच्या (हे प्रकाशाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका प्रकाश पिवळा) दिव्यांखाली काढलेले आहेत. संध्याकाळी तुमच्याकडे २७०० केल्विनचे पिवळे दिवे लागतात, तेव्हा तेच लाकूड तांबूस दिसणार. त्यात मोबाइलचा कॅमेरा आपल्या मनाने रंग सुधारतो आणि प्रत्येक स्क्रीन वेगळी. म्हणूनच आम्ही नमुन्याचे तुकडे घरी पाठवतो. ज्यांना फिनिश निवडायचं आहे त्यांना कळकळीने सांगतो : तुकडा हातात आडवा धरून बघू नका. स्पीकर जिथे राहणार तिथे, तेवढ्याच उंचीवर उभा करा, आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवे लावून असा तीनदा बघा. शेजारी तुमच्या टीव्ही-युनिटचा रंग असू द्या. लाकडाशी लाकूड जुळवण्याच्या फंदात मात्र पडू नका. जवळजवळ जुळलेल्या दोन छटा एकमेकींना खटकतात, सरळ वेगळ्या छटा शांत दिसतात.

ग्लॉस काळ्याबद्दल आमच्या सहकाऱ्याने दिलेल्या सल्ल्याच्या मागे मी पूर्णपणे उभा आहे. तुमचे स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि समोर खिडक्या. चकचकीत पृष्ठभागावर दिवसा खिडक्या दिसल्या असत्या, रात्री समोरचा प्रत्येक दिवा. सिनेमा बघताना नजर सारखी तिकडे गेली असती. धूळ, बोटांचे ठसे आणि पुसताना पडणारे गोल ओरखडे काळ्या ग्लॉसवर सगळ्यात जास्त उठून दिसतात. ते फिनिश सुंदर आहे, आम्ही ते आनंदाने बनवतो, पण अशा खोलीसाठी नाही.

पैशांबद्दल : आवाजात फरक नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि आम्ही कधी वेगळा दावा केलेला नाही. ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) तेच, क्रॉसओव्हर (त्यांच्यात जाड-बारीक आवाज वाटून देणारं सर्किट) तोच, कॅबिनेट त्याच १८ मिमी एमडीएफचं (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी). त्यावरचा ०.६ मिमीचा पापुद्रा कानाला कळत नाही. जास्त पैसे पापुद्रे जुळवणं, आतून-बाहेरून दोन्हीकडे व्हीनिअर लावणं (एकाच बाजूला लावलं तर फळी वाकू शकते), आणि हाताने घासून लॅकरचे थर देणं, या कामाचे आहेत. ज्यांना फक्त आवाजाशी देणंघेणं आहे त्यांनी मॅट काळा घ्यावा, आम्ही स्वतःच तसं सुचवतो.

तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. सेंटर ठेवणार असाल तर काही महिने त्याची जाळी काढून ठेवा, वर काहीही ठेवू नका, आणि खोलीतला उजेड त्याला मोकळा मिळू द्या. थेट उन्हात मात्र नको, उष्णतेने लॅकर आणि सांधे दोन्ही बिघडू शकतात. तो जुन्या जोडीच्या बराच जवळ येईल, तंतोतंत जुळेल असं वचन देत नाही. नाहीतर तो परत पाठवा, त्याऐवजी मॅट काळा सेंटर देतो. टीव्हीच्या खाली काळा सेंटर स्क्रीनच्या चौकटीत मिसळून जातो आणि अक्रोडाची जोडी उठून दिसते. माझ्या मते तुमच्या खोलीला हेच जास्त शोभेल. फिनिशच्या किमतीतला फरक परत मिळेल, ने-आण आमच्याकडे. ऑर्डरच्या वेळच्या ईमेलवर कोणता मार्ग हवा तेवढं कळवा, आणि तळाशी ताडून बघितल्यावर काय दिसलं तेही लिहा.